उपवासकाळ शाळेत पाळायचा, तर आधी भिंतीवरचे तक्ते उतरवा

प्रश्न असा आहे: "नाशिकरोडच्या एका ख्रिस्ती संस्थेच्या मराठी शाळेत मी मूल्यशिक्षणाचे तास घेते. वर्गात पन्नासात सहा-सात मुलं ख्रिस्ती. बाकी हिंदू, बौद्ध, मुस्लिम. यंदा उपवासकाळाचा, म्हणजे लेंटचा, सगळा कार्यक्रम माझ्याकडे आलाय. मी स्वतः ख्रिस्ती नाही. चाळीस दिवस शाळेत नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं?"

तुम्ही ख्रिस्ती नाही याची धास्ती बाळगू नका. मी अशाच शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. हा कार्यक्रम आमच्याकडे सगळ्यात नेटका चालवला तो गणिताच्या एका सरांनी, आणि ते दर महिन्याची संकष्टी न चुकता धरणारे. खाणं सोडणं सोपं, राग सोडणं अवघड, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आम्हा चर्चमध्ये वाढलेल्यांना उलट सवयीने दिसेनासं झालेलं असतं.

आधी हिशेब, कारण मुलं पहिल्याच तासाला बोटं मोजतात. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात 46. रविवार हा पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपवास धरत नाहीत; सहा रविवार वजा केले की राहतात 40. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची ती आठवण. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. तारीख दर वर्षी हलते, कारण 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ज्यांच्या घरी कालनिर्णय टांगलेलं आहे त्या मुलांना हे समजायला दोन मिनिटं पुरतात.

आता नियम. कॅथलिक चर्चमध्ये उपवास म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसं. तोही सक्तीचा दोनच दिवशी, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, आणि वयाची अट 18 ते 59. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षांपुढच्यांना. म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत उपवास कुणालाच लागू होत नाही. वरच्या वर्गातल्या कॅथलिक मुलांनी शुक्रवारी मटण-चिकन खायचं नाही, एवढंच. अंडी चालतात, मासेही चालतात. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी माइकवरून "आज सर्वांनी उपवास करावा" असं कुणी म्हणायला लागलं, तर तिथेच थांबवा. मार्चच्या उन्हात रांगेत उभी असलेली उपाशी मुलगी चक्कर येऊन पडली, की ग्लुकोज पाजायला तुम्हीच धावणार.

शिवाय निम्म्या वर्गाच्या घरी मटण शिजतच नाही. त्यांना "मांस सोडा" सांगून काय उपयोग? ज्यांनी सोडलं तेही शुक्रवारी मिसळीवर ताव मारतात, वर दोन पाव जास्तीचे, नंतर जिलेबी. नियम मोडला का? मुळीच नाही. आपल्याकडे याला म्हण आहेच: एकादशी अन् दुप्पट खाशी. ही म्हण वर्गात सांगा. लेंट म्हणजे काय नव्हे, हे मुलांना पाच मिनिटांत कळतं.

मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू सांगतो: दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका. प्रार्थना दार लावून करा. उपवास असेल तर तोंड सुतकी करून हिंडू नका, चेहरा धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुमचा उपवास कुणाला दिसणार नाही. तीन गोष्टी, आणि तिन्ही लपवायच्या. आता शाळा काय असते ते आठवा. शाळा म्हणजे सगळं दाखवायची जागा. फळा, तक्ता, स्टार, बॅज, मासिक, स्नेहसंमेलन आणि हल्ली पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. न दाखवता काही करायची शाळेला सवयच नाही. लेंटचा कार्यक्रम फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

माझा कसा फसला ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात एक मोठा तक्ता लावला होता, 'माझा त्याग' असं जांभळ्या अक्षरांत लिहून. जांभळा हा या काळाचा रंग. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चाळीस चौकोन, ज्या दिवशी काही सोडलं त्या दिवशी स्टार. पहिल्या आठवड्यात वर्ग नुसता उत्साहाने फुललेला. तिसऱ्या आठवड्यात स्टारची पाकिटं संपली आणि माझ्या लक्षात आलं की दोन मुलं मधल्या सुट्टीत स्वतःच स्टार चिकटवतायत. एका मुलीच्या नावापुढे एकही नव्हता. विचारलं तर म्हणाली, "बाई, आमच्याकडे सोडण्यासारखं काही नाही. टीव्ही बिघडलाय, चॉकलेट आणत नाहीत." मी त्याच दुपारी तक्ता उतरवला. तो उतरवताना वर्गाला काय सांगावं ते मात्र मला सुचलं नाही. काही न सांगताच गुंडाळला.

दुसरी चूक डब्याची. लेंटमध्ये दानाला महत्त्व, म्हणून आम्ही प्रत्येक वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवला आणि जास्त पैसे जमवणाऱ्या वर्गाला ढाल जाहीर केली. पाचवीतला एक मुलगा रोज बसचे पैसे डब्यात टाकून बिटको चौकातून सिन्नर फाट्यावरून चेहेडीपर्यंत चालत जायचा. आठवडाभराने त्याची आई शाळेत आली. भांडायला नव्हे, तिला वाटलं शाळेने काही फी लावलीय आणि मुलगा सांगायला लाजतोय. ती कनवटीचे पैसे काढून टेबलावर ठेवायला लागली. पुणे हायवेच्या कडेने, ट्रकांच्या धुरातून, दहा वर्षांचं पोर आमच्या ढालीसाठी चालत होतं. त्यानंतर मी वर्गवार बेरीज कधी होऊ दिली नाही. डबा ठेवायचाच असेल तर संपूर्ण शाळेचा एक, ऑफिसबाहेर, झाकण बंद, आणि शेवटी किती जमले ते प्रार्थनेला वाचून दाखवायचं नाही. आणखी एक: लेंटमध्ये कारितास इंडिया या कॅथलिक सेवासंस्थेची भूक आणि रोगांविरुद्धची मोहीम चर्चमधून चालते, ख्रिस्ती घरांतून तिकडे पैसे जातातच. त्याच घरांकडे शाळेने पुन्हा हात पसरू नये.

मग करायचं काय? आमच्याकडे शेवटी टिकलं ते फार साधं होतं. सोमवारी प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत शाळेतल्या कुणाचं तरी नाव. नुसती वर्गातली मुलं नव्हेत, तर मावशी, शिपाईकाका, ग्रंथपाल, व्हॅनवाले काकासुद्धा. आठवडाभर त्या माणसासाठी काहीतरी करायचं, आणि पकडलं जायचं नाही. अट एवढीच. पकडलं गेलं तर शिक्षा नाही, पण मुलांना त्यातच मजा येते. लपण्याचा खेळ त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. एका वर्षी तिसऱ्या आठवड्यात मावशी माझ्याकडे आल्या, थोड्या घाबरलेल्याच. "बाई, मागच्या नळांचं काय चाललंय? मी जाते तर सगळे बंद. टाकीखालची बादली भरलेली. कोण करतंय कळंना." सातवी ब मधली तीन मुलं होती. मला माहीत होतं. मी मावशींना म्हटलं, "मलाही नाही माहीत." सत्तावीस वर्षांत लेंटमध्ये बोललेलं हे माझं सगळ्यात चांगलं खोटं.

वाढदिवसाच्या चॉकलेटचा प्रश्न हमखास येईल. चॉकलेट सोडलेलं मूल, वाटायला आलेल्या मित्राला मोठ्याने सांगतं, "नको, माझं लेंट आहे." मित्र हिरमुसतो, आणि याची मान ताठ. मुलांना शिकवा: घ्या, हॅपी बर्थडे म्हणा, खिशात टाका, घरी धाकट्या भावंडाला द्या. कुणाला कळलं नाही, कुणी दुखावलं नाही. हे एवढं जमलं तर तो अध्याय कळला असं समजायला हरकत नाही.

राखेचं काय, हा तुमचा सगळ्यात नाजूक भाग. राख लावताना फादर म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे लक्षात ठेव. कॅथलिक नियमाप्रमाणे राख हा संस्कार नव्हे, त्यामुळे ती घ्यायला ख्रिस्ती असण्याची अट नाही. म्हणून काही शाळांत सरसकट सगळ्या मुलांच्या कपाळावर क्रूस काढला जातो. मला ते पटत नाही. मूल कपाळावर राख घेऊन घरी गेलं की आजी विचारते, "अंगारा कुठून आणलास? काय झालं तुला?" आपल्याकडे राखेला आधीच अर्थ आहे. 2026 मध्ये तर महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला होती आणि राखेचा बुधवार त्यानंतर तीनच दिवसांनी. अर्धी मुलं त्र्यंबकेश्वरला जाऊन भस्म लावून आलेली. त्यांच्या कपाळावर तुमची राख काय म्हणते, हे तुम्ही ठरवू शकत नाही.

आणि हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कुणालाही संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिलाय; त्या हक्काने 28(3) पुसलं जात नाही. तेव्हा जानेवारीतच पालकांकडून साध्या मराठीत लेखी होकार घ्या: मिस्सा (कॅथलिक उपासना), राख, क्रुसाची वाट (येशूच्या वधस्तंभाकडच्या वाटचालीतल्या चौदा मुक्कामांची प्रार्थना), प्रत्येकासाठी वेगळी खूण. ज्यांचा नकार आहे त्या मुलांना ग्रंथालयात बसवा, पण ग्रंथपालांना सांगून ठेवा की ती शिक्षा वाटता कामा नये. तिथे नेहमीपेक्षा बरी पुस्तकं काढून ठेवली तर उत्तम.

राख कपाळावरच लावली पाहिजे असंही नाही. टाळूवर चिमूटभर टाकण्याची पद्धत जुनी आहे, आणि 2021 मध्ये कोरोनामुळे व्हॅटिकनने जगभर तीच सांगितली. मी फादरना विनंती करून शाळेत तीच चालू ठेवली. केसांत राख दिसत नाही. एका चौथीतल्या मुलाने मला विचारलं होतं, "बाई, आत्ताच वाचलं की तोंड धुवा, कुणाला दिसू देऊ नका. मग लगेच कपाळाला का फासतात?" मोठमोठे धर्मपंडित ज्यावर अडतात, ते चौथीतल्या पोराला दिसलं. मी म्हटलं, फादरना विचार. त्याने खरंच विचारलं. फादर हसले आणि त्याच्या टाळूवर राख टाकली.

ख्रिस्ती मुलं सगळी एकाच मापाची समजू नका. कॅथलिक मुलं क्रुसाच्या वाटेच्या चौदा मुक्कामांची नावं घडाघडा सांगतील. नाशकातल्या शरणपूरकडची जुनी सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, प्रोटेस्टंट घराणीही उपवासकाळ पाळतात, पण त्यांचा जोर गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेवर आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. पेंटेकोस्टल घरांतली मुलं सांगतील, आमच्यात लेंट नसतं. ते खरं असतं. त्यांना "तू कसला ख्रिश्चन" असं वर्गात कुणी म्हणू नये, याची काळजी तुम्ही घ्या. हे बोलणारी मुलं ख्रिस्तीच असतात.

"हे सगळं परदेशी आहे का?" हाही प्रश्न येतो. नाशकात त्याचं उत्तर द्यायला लांब जावं लागत नाही. ज्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये टाळ-पेटीवर म्हणतात ते रेव्ह. ना. वा. टिळक विद्यार्थीदशेत इथे होते. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि 1936 मध्ये त्या गेल्या तेही नाशकातच. शुक्रवारच्या प्रार्थनेला इंग्रजी कॅरोलसारखं काही वाजवण्यापेक्षा टिळकांचं एखादं भजन म्हणा, पेटी वाजवणारं एखादं हिंदू मूल हमखास सापडतं. आणि गोष्ट सांगायची तर शरणपूरची सांगा. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतल्या गुलामीतून सोडवलेली मुलं तिथल्या मिशनच्या शाळेत शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तांड्यात होता. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. जेकब पुढे बोटीने लंडनपर्यंत गेला. नाशकात शिकलेला मुलगा म्हटल्यावर मुलं कान टवकारतात. चाळीस दिवसांत ही एक गोष्ट पुरे, ओझं वाहण्यावर वेगळं प्रवचन नको.

वेळापत्रकाचं चटकन सांगते. दहावीची बोर्डाची परीक्षा याच काळात असते. त्यांना कुठल्याही कार्यक्रमात ओढू नका. निरोप समारंभ राखेच्या बुधवारच्या आधी उरका, नाहीतर डीजे लावायचा की नाही यावर स्टाफरूममध्ये भांडण ठरलेलं. रंगपंचमी बहुतेक वर्षी लेंटमध्येच येते, आणि जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडल्या की ख्रिस्ती मुलं विचारतात, "बाई, रंग खेळलं तर चालेल?" खेळू द्या. उपवासकाळ म्हणजे सुतक नव्हे. गेली काही वर्षं रमजानही याच दिवसांत येतोय. रोजे धरणारं मूल वर्गात असेल तर त्याला पुढे बोलावून "बघा, हा कसा पाळतो" असं उदाहरण करू नका. त्याचाही उपवास त्याचाच आहे.

क्रुसाची वाट मैदानावर घेणार असाल तर सकाळच्या शाळेत, साडेआठच्या आत, आणि लहान मुलांसाठी चौदाच्या चौदा मुक्काम घेऊ नका. चार पुरतात. सायमनने येशूचा क्रूस उचलायला हात लावला आणि वेरोनिकाने त्याचं तोंड पुसलं, हे दोन नक्की घ्या. त्यात मुलांना करण्यासारखं काही सापडतं. चाबूक आणि रक्ताचं नाट्य नको. बाटलीतलं लाल रंगाचं पाणी अंगावर ओतून घेतलेला येशू पाहून पहिलीची पोरं रडलेली मी पाहिली आहेत.

शेवटी पाय धुण्याचं. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून एका वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी ठरवलं की त्या मावशींचे आणि शिपाईकाकांचे पाय धुतील, सगळ्या शाळेसमोर. पाट, तांब्या, परात, टॉवेल, सगळं मांडलं. मावशी स्टेजवर आल्या, पाटावर बसल्या, आणि मुख्याध्यापिका वाकल्या तशा एकदम पाय पोटाशी ओढून घेतले. "नको हो बाई. तुम्ही माझे पाय धरले तर मला पाप लागेल." मुख्याध्यापिकांनी समजावलं. मावशी रडायला लागल्या. फोटोवाला पुढे सरकत होता. शेवटी धुतलेच, कारण चारशे मुलं बघत होती. मावशी तीन दिवस कामावर आल्या नाहीत.

आपल्याकडे पाय धरणं म्हणजे काय, हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं. स्वतः लहान व्हायचं म्हणून दुसऱ्याला संकोचाने मेल्यासारखं करणं, यात नम्रता कसली? पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका त्या दिवशी सातला शाळेत आल्या, स्टाफच्या चहाचं आधण ठेवलं, मावशींना आणि काकांना आधी कप दिले, आणि नंतर सगळ्यांचे कप मोरीत बसून धुतले. मुलं यायच्या आधी. माइक नाही, फोटो नाही. मावशी दारात उभ्या राहून त्यांना सांगत होत्या की कपाच्या दांडीखाली नीट घासा, चहाचा डाग तिथे राहतो. तुम्हीही पाय धुण्याचा कार्यक्रम ठेवणार असाल, तर एवढं विचारून बघा, ज्यांचे धुवायचे त्यांना हवंय का.

आणि राखेची तयारी आत्तापासून करा, ऐन वेळी धावपळ होते. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिळालेल्या झावळ्या ख्रिस्ती घरांत तसबिरीमागे खोचलेल्या असतात. नारळाच्या, नाहीतर शिंदीच्या. आठवडाभर आधी मुलांना त्या आणायला सांगा. घमेल्यात जाळा, मुलांना लांब उभं करून. पूर्ण गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळा, नाहीतर खडे टोचतात. राखेत पाणी अजिबात घालू नका, क्षार सुटून कातडी जळते. कपाळावरच लावायची असेल तर थेंबभर खोबरेल तेल. मूठभर राख पाचशे मुलांना पुरून उरते. उरलेली केराच्या डब्यात टाकू नका, मातीला द्या. आमच्याकडे ती ग्रंथालयामागच्या कडुलिंबाच्या आळ्यात जायची. घमेलं मावशींचं असतं, घासून लगेच परत करा, त्यांना ते दुपारी लागतं.